परदेशातला पहिला हिवाळा आणि लहान मूल: मुंबईहून निघण्यापासून दारातल्या पायपुसण्यापर्यंत

मुंबईहून डिसेंबर-जानेवारीत टोरांटो, म्युनिक किंवा लंडनला निघालेले आईवडील सहसा एकाच ठिकाणी चुकतात. थंडी म्हणजे जाड कपडे आणि जास्त थंडी म्हणजे आणखी जाड कपडे, असा त्यांचा हिशेब असतो, आणि तो मुंबईच्या अनुभवावर बेतलेला असल्यामुळे त्यांना दोषही देता येत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले या शहराचे नीचांकी तापमान १९६२ च्या जानेवारीतले, ७.४ अंशांचे आहे. तेवढ्या थंडीला एक बरा स्वेटर पुरतो. शून्याखाली मात्र मुलाला गारठवण्यात मोठा वाटा अंगाला चिकटून राहिलेल्या ओलीचा असतो. ही ओल घामाची, वितळलेल्या बर्फाची किंवा भिजलेल्या मोज्याची असते. म्हणून तिथला हिवाळा आपल्या जानेवारीच्या हिशेबाने धरू नये, जुलैच्या हिशेबाने धरावा. बुटांत रद्दी कोंबणे, दप्तरात कोरड्या कपड्यांचा जोड ठेवणे, ओले ते सगळे दारातच उतरवणे आणि वीस मिनिटे आधी निघणे हे मुंबईकराला शिकवावे लागत नाही; क्रम तेवढा शिकावा लागतो.

पुढचे टप्पे मुख्यतः सहा महिने ते सहा-सात वर्षे या वयातल्या मुलांसाठी आहेत.

टप्पा १: निघण्यापूर्वी सहा आठवडे, डॉक्टरांकडे

सहा आठवडे हा आकडा इन्फ्लुएन्झाच्या लशीवरून आला आहे. सहा महिने पूर्ण झालेल्या मुलाला ही लस देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला ती पहिल्यांदाच द्यायची असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात आणि दुसऱ्या मात्रेनंतर पुरेसे संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. मिळणारी लस उत्तर गोलार्धाच्या चालू हंगामाची आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. बॅगा भरून झाल्यावर आदल्या आठवड्यात दवाखान्यात धावणाऱ्यांच्या हाती यातले निम्मेच लागते.

त्याच भेटीत लसीकरणाच्या पुस्तकातील नोंदी टंकलेल्या स्वरूपात, लशीचे पूर्ण नाव आणि तारीख यांसह, सहीशिक्क्यानिशी करून घ्याव्यात. परदेशातील पाळणाघरे आणि शाळा ही नोंद अनेकदा मागतात, आणि आपल्या पुस्तकातली निम्मी अक्षरे रबरी शिक्क्याखाली गेलेली असतात.

ड जीवनसत्त्वाचा विषयही इथेच संपवावा. मुंबई १९ अक्षांशावर आहे, टोरांटो जवळपास ४४ वर आणि लंडन ५१ च्या पुढे. तिथे हिवाळ्यात सूर्य इतका खालून जातो की त्वचेत हे जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, आणि मूल तर नाकापर्यंत झाकलेले असते. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट देण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. वरचे दूध घेणाऱ्या आणि मोठ्या मुलांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

इशारा: आपल्याकडील थेंबांच्या बाटलीत ४०० युनिट सहसा एक मिलिलिटरमध्ये असतात, काही बाटल्यांत त्याच एका मिलिलिटरमध्ये ८०० असतात. परदेशी दुकानांत मिळणाऱ्या काही बाटल्यांत मात्र ४०० युनिट एका थेंबात असतात. सवयीने ड्रॉपर भरून दिला तर मात्रा अनेक पटींनी वाढते. नवीन बाटली घेतली की लेबल नव्याने वाचावे.

टप्पा २: खरेदी, काय इथून आणि काय तिथून

तीन थर लागतात. अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर टाकणारा हवा, म्हणजे मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा. त्यावर ऊब धरणारा फ्लीसचा किंवा लोकरीचा. आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारा स्नोसूट, किंवा स्नोपँट आणि जॅकेट. यांपैकी पहिल्या थरात सर्वाधिक चुका होतात. आपला सुती कपड्यांवर भारी विश्वास, आणि मुंबईच्या घामट हवेत तो योग्यही आहे; परंतु सूत घाम पिऊन ओले राहते आणि शून्याखाली तोच ओला कपडा मुलाच्या पाठीला गार फडक्यासारखा चिकटतो. दादरच्या दुकानात ‘थर्मल’ म्हणून मिळणाऱ्या जोडाचे लेबल उलटून पाहावे. त्यात कापूसच जास्त असेल तर तो जोड घरात झोपताना वापरायला ठेवावा.

आजीने विणलेला स्वेटर सोबत न्यावा का, असे मला नेहमी विचारले जाते. जरूर न्यावा. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते, त्यामुळे मधल्या थरासाठी तो उत्तम ठरतो. मात्र तो आतल्या थरावर सैल बसला पाहिजे, कारण थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते आणि घट्ट कपड्यात ती उरत नाही. आपण ज्या माकडटोपीची आयुष्यभर चेष्टा केली, तिचीही तिथे खरी गरज पडते: गळा, कान आणि हनुवटी एकाच वस्तूत झाकली जातात आणि मुलाला ती सहज ओढून फेकता येत नाही.

मुंबईतून घ्यावे: आतल्या थराचे तीन जोड, दोन फ्लीस, लोकरीचे चार-पाच जोड पायमोजे, माकडटोपी.

तिथे पोहोचून घ्यावे: स्नोसूट आणि बूट. हे इथे महाग पडतात, निवड कमी असते आणि त्यांचे माप त्या हंगामापुरतेच असते. मुले दर वर्षी वाढत असल्यामुळे तिथे वापरलेले स्नोसूट चांगल्या अवस्थेत आणि स्वस्तात मिळतात. ते घेण्यात कमीपणा मानू नये. तोवरचे दोन दिवस निभावण्यासाठी वारा अडवणारे एक साधे जॅकेट जवळ असावे.

बूट घेताना मुलाला जाड मोजा घालून, कागदावर उभे करून पावलाची रेघ मारावी आणि बोटांपुढे सुमारे एक सेंटिमीटर मोकळी जागा राहील असे माप घ्यावे. आतले अस्तर बाहेर काढता येणारे बूटच घ्यावेत. त्याचे कारण शेवटच्या टप्प्यात कळेल. एकावर एक दोन मोजे चढवून बूट घट्ट केल्यास रक्तप्रवाह अडतो आणि पाय अधिकच गार पडतात. पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी चारही बोटे एकत्र राहणारे मिटन्स घ्यावेत, कारण शेजारची बोटे एकमेकांना ऊब देतात.

इशारा: लांब मफलर आणि गळ्याशी लोंबणारी दोरी घसरगुंडीत अडकून गळ्याला फास बसू शकतो. त्याऐवजी गळ्यात ओढून घालायचा नेकवॉर्मर घ्यावा आणि टोपीची दोरी कापून टाकावी.

टप्पा ३: विमान आणि विमानतळाचे दार

मुलाचे सर्व थर हातातल्या बॅगेत ठेवावेत. मोठी बॅग दुसऱ्या दिवशी आली तर तिच्यातल्या स्वेटरचा काही उपयोग नसतो. विमानात आतला थर आणि एक फ्लीस पुरेसा होतो; उतरण्यापूर्वी प्रसाधनगृहाची फेरी उरकावी, आणि टोपी-जॅकेट मात्र विमानतळाच्या शेवटच्या काचेच्या दाराशी पोहोचल्यावरच चढवावे. विमानतळाच्या आत हीटर चालू असतात, सामानाच्या पट्ट्याशी अर्धा तास जातो आणि तोवर संपूर्ण पोशाखात उभे असलेले मूल घामाने भिजून जाते. आधीच नेमलेली गाडी कुठे थांबली आहे याची खात्री होईपर्यंत त्या दारातून पाऊल बाहेर टाकू नये.

टप्पा ४: रोजचे दारातले वीस मिनिटांचे काम

हा भाग नीट जमला की बाकीचा हिवाळा जमतो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी मुलीला नखशिखांत तयार करून दाराशी उभे केले आणि मग स्वतःचे बूट शोधायला आत गेले. परत आले तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते. लिफ्टमध्ये तिने शू आल्याचे जाहीर केले. सगळे उतरवून, पुन्हा चढवून आम्ही बागेत पोहोचलो. दहा मिनिटे ती धावली, मग थांबली, आणि घामाने ओलसर झालेला सुती बनियन पाठीवर गार पडल्याबरोबर कुडकुडू लागली. अंगात चार कपडे होते. क्रम एकही बरोबर नव्हता.

बरोबर क्रम असा आहे.

१. सर्वप्रथम मुलाला शौचालयात न्यावे, ते ‘नाही आली’ म्हणत असले तरीही. लंगोट वापरणाऱ्या बाळाचा लंगोट याच वेळी बदलावा.

२. मोठ्यांनी स्वतःचे सगळे घालून घ्यावे. जॅकेटची चेन तेवढी उघडी ठेवावी. किल्ल्या, फोन आणि कोरड्या मिटन्सचा जादा जोड खिशात गेला पाहिजे.

३. मुलाला आतला थर आणि मोजे घालावेत. विजारीची कड मोज्यात खोचावी, म्हणजे पुढचा कपडा चढवताना ती गुडघ्यापर्यंत गोळा होत नाही. त्यावर मधला थर.

४. स्नोपँट, आणि त्यानंतर लगेच बूट. जॅकेट आधी घातल्यास मूल वाकू शकत नाही आणि बूट चढवण्याचा सगळा भार तुमच्या कमरेवर येतो. स्नोपँटच्या आतली लवचीक पट्टी बुटावरून ओढून घ्यावी. बर्फ आत शिरतो तो याच फटीतून.

५. नेकवॉर्मर, मग जॅकेट, मग टोपी. चेन लावताना हनुवटीची कातडी अडकू नये म्हणून आत आपले बोट धरावे.

६. मिटन्स सर्वांत शेवटी, कारण ते चढल्यावर मुलाला स्वतःहून काहीही करता येत नाही. मिटनची कड बाहीच्या आत घ्यायची की बाहेर ठेवायची, हे दोन्हींच्या रचनेवर ठरते. मनगट उघडे राहता कामा नये, एवढेच पाहावे.

तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला जॅकेट स्वतः घालायला शिकवता येते. जॅकेट आतली बाजू वर करून जमिनीवर पसरावे, त्याची कॉलर मुलाच्या पायांकडे असावी; मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालावेत आणि जॅकेट डोक्यावरून मागे उलटवावे. पहिले चार दिवस ते उलटेसुलटे होते. पाचव्या दिवसापासून तुमची पाच मिनिटे वाचतात.

तपासणी: दार उघडण्यापूर्वी आणि बाहेर गेल्यावर दहा मिनिटांनी मुलाच्या मानेच्या मागे, कपड्याच्या आत दोन बोटे घालून पाहावीत. उबदार आणि कोरडी लागली तर पोशाख बरोबर आहे. दमट लागली तर एक थर कमी करावा, गार लागली तर वाढवावा. लहान बाळाचे हातपाय एरवीही गार असतात, त्यामुळे केवळ त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नये.

टप्पा ५: बाहेर किती वेळ

फोनवर दिसणाऱ्या तापमानापेक्षा वाऱ्यासह जाणवणारे तापमान महत्त्वाचे असते. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर ते उणे २० सारखे जाणवते. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, असे कॅनडाचे हवामान खाते सांगते. नवख्या कुटुंबाने पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नये आणि मूल मजेत असतानाच परत फिरावे. ते रडू लागेपर्यंत थांबले तर परतीची दहा मिनिटे मोजायची राहून गेलेली असतात.

बाबागाडीतल्या बाळाचा वेगळा विचार करावा. ढकलणारा चालत असल्याने त्याला ऊब येते, बाळ मात्र स्थिर बसलेले असते आणि तान्ह्या बाळांना मोठ्यांसारखे कुडकुडून ऊब आणता येत नाही. म्हणून बाळाला मोठ्यांपेक्षा एक थर जास्त लागतो. बाबागाडीवर प्लास्टिकचे आवरण असेल तर हवेची वाट मोकळी आहे ना ते पाहावे, आणि दुकानात शिरताच ते उघडावे. बाळाला पोटाशी बांधून वर आपले जॅकेट घेणार असाल, तर तुमच्या अंगाची ऊब हाच एक थर धरावा. त्याचे तोंड व नाक सतत दिसले पाहिजे.

इशारा: गाल, नाकाचा शेंडा, कानाची पाळी किंवा बोटे पांढुरकी, मेणासारखी दिसू लागली, किंवा मूल ‘काहीच लागत नाही’ म्हणाले, तर ताबडतोब आत जावे. ती जागा चोळू नये, तिच्यावर बर्फ लावू नये आणि ती हीटरसमोर धरू नये. बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही. आपल्या हाताची किंवा काखेची ऊब द्यावी, किंवा कोपराला कोमट लागेल एवढ्याच पाण्यात ती बुडवावी. रंग परत आला नाही किंवा फोड आले तर डॉक्टर गाठावेत. मूल सुस्त झाले, अडखळत बोलू लागले, किंवा तान्हे बाळ गार आणि मलूल पडले, तर तातडीची मदत बोलवावी: कॅनडा व अमेरिकेत ९११, युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९.

टप्पा ६: गाडीत बसवताना

कार सीटचा पट्टा फुगीर जॅकेटवरून बांधू नये. धडकेच्या क्षणी जॅकेटमधली हवा दबते, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटू शकते. खात्री करायची असेल तर घरीच करून पाहावे: जॅकेटसह पट्टा घट्ट करावा, मग तो सैल न करता मुलाला बाहेर काढावे, जॅकेट उतरवून पुन्हा बसवावे. पट्टा आणि छातीमध्ये किती जागा सुटते ते पाहिल्यावर वेगळे समजवावे लागत नाही. बरोबर पद्धत अशी की फ्लीसवरच पट्टा बांधावा, खांद्यापाशी तो दोन बोटांच्या चिमटीत पकडता येऊ नये इतका घट्ट करावा आणि मग जॅकेट उलटे करून पुढून पांघरावे.

इशारा: गाडी गरम करण्यासाठी इंजिन चालू करण्यापूर्वी धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा. नळी तुंबली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, आणि त्याला वास नसतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये.

टप्पा ७: घरातली हवा, आंघोळ आणि झोप

घर २५ अंशांवर ठेवून मुलाला सदऱ्यावर वावरू देण्याचा मोह होतो. दिवसा २० च्या आसपास आणि बाळाच्या झोपेच्या खोलीत १६ ते २० अंश पुरेसे आहेत. वर्षाखालील बाळावर गोधडी, दुपटे किंवा रजई टाकू नये आणि झोपताना टोपी घालू नये. अंगात घालायची झोपेची पिशवी वापरावी आणि पाठीवर झोपवावे. मुंबईहून बाळंतपणासाठी आलेल्या आजीशी या मुद्द्यावर वाद होणार हे धरून चालावे. तिने शिवलेली गोधडी बाळ जागे असताना जमिनीवर अंथरावी, म्हणजे दोघींचेही मन राहते.

त्याच आजीला एक गोष्ट मात्र ठामपणे सांगावी लागते. शेक-शेगडी आणि कोळशावरची धुरी त्या घरात करता येणार नाही. खिडक्या घट्ट बंद असलेल्या घरात पेटता कोळसा जिवावर बेतू शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र घरात चालू आहे का, तेही पहिल्याच दिवशी तपासावे. धुराचे यंत्र चालू आहे हे वेगळे तपासावे लागत नाही; ते पहिल्या फोडणीला कळते.

खोबरेलाची बाटली तिथे दगडासारखी होते, कारण ते साधारण २४ अंशांखाली थिजते. बाटली गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटे ठेवली की काम होते. हीटरमुळे हवा कोरडी पडून मुलांच्या पोटऱ्या आणि कोपरे खरखरीत होतात, ओठ फुटतात. आंघोळ कोमट पाण्याने आणि दहा मिनिटांत संपवावी, डाळीचे पीठ चोळणे हिवाळ्यापुरते थांबवावे, आणि अंग टिपून ओलसर असतानाच मलम लावावे. ह्युमिडिफायर वापरत असाल तर त्यातले पाणी रोज बदलावे.

याउलट, स्वयंपाकाची वाफ आणि आत वाळत घातलेले कपडे यांमुळे काही घरांत खिडकीवर पाणी जमते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. आपल्या भिंतींवरची जुलैतली ओल आठवावी. जर्मनीत यासाठी दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या पाच ते दहा मिनिटे सताड उघडतात. दिवसभर एक फट ठेवण्यापेक्षा हे बरे: हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत.

पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला पहिल्या हिवाळ्यात वारंवार सर्दी होते, त्यात घाबरण्यासारखे नसते. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, बाळगुटीतूनही नाही. चार वर्षांखालील मुलाला खोकल्याची दुकानी औषधे देऊ नयेत. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर सकाळची वाट पाहू नये.

टप्पा ८: रात्री, उद्यासाठी

दाराशी एक पायपुसणे आणि एक खोलगट ताट, एवढी सोय पुरते. आत येताच बूट ताटात, स्नोपँट दांडीवर. मिटन्स आणि टोपी हीटरच्या जवळ वाळत घालावी, मात्र विजेच्या हीटरवर कधीही नाही. पडद्यापासूनही तो एक मीटर दूर असावा. बुटांचे अस्तर बाहेर काढून उभे करावे आणि बुटांत कागद कोंबावा. तिथे रद्दीचा गठ्ठा साठत नाही, पण टपालपेटीत पडणारी दुकानांची जाहिरातपत्रके तेच काम करतात. झोपण्यापूर्वी एकदा कागद बदलावा. सकाळी मुलाला उठवण्याआधी बुटाच्या टोकापर्यंत हात घालून पाहावा. बोटांना दमट लागले तर त्या दिवशी दुसरा जोड, आणि दुसरा जोड नसेल तर त्या सकाळची बाग रद्द.